हावरी मरळ

“तिनं दुसऱ्यांदा भांडं पुढं केलं, तर तुझं काय बिघडलं?” बुरहानशा फकिरानं विचारलं.

“माझं काय बिघडते, बाबा? पण हाव बरी नाही. चारचौघांत सांगितलं तिले. लागलं असन थोडं.”

“थोडं?”

“...आज आली नाही ती,” मोरेश्वर म्हणाला.

तलावाच्या पाळीवर फकिराची झोपडी होती. दर गुरुवारी तिथं खिचडीची कढई चढायची आणि येईल त्याला मिळायची. वाढायचा मान मोरेश्वरानं आपणहून स्वतःकडं घेतला होता. तालुक्याला त्याचं हार्डवेअरचं दुकान. गुरुवारी सकाळी तो तलावात मासे धरायचा, दुपारी पळी हातात घ्यायचा, आणि खिचडीबरोबर चार शब्द उपदेशाचेही फुकट द्यायचा. फकिराचा पट्टशिष्य आपणच, हेही त्याचं त्यानंच ठरवून टाकलं होतं. फकिरानं तसं कधी म्हटलं नव्हतं.

गेल्या गुरुवारी भागरथाबाई भांडं भरून घेऊन गेली आणि थोड्या वेळानं पुन्हा रांगेत उभी राहिली. मोरेश्वरानं पळी कढईच्या काठावर आपटली.

“बाई, पोट हाय का कोठी?”

सगळी रांग हसली. भागरथाबाईनं भांडं पदराखाली घेतलं आणि ती गेली. आज तिची जागा रिकामीच राहिली होती.

“हाव कशी असते, दाखवू का बाबा?”

मोरेश्वर उठला. सावलीत ठेवलेलं ओलं पोतं त्यानं ओढत आणलं आणि त्याचं तोंड सोडलं. आत हातभर लांब मरळ होती. तिचे कल्ले हळूहळू हलत होते. मरळ मोठी चिवट, ओल्या पोत्यात तासन्‌तास जगते.

“सकाळी धरली. अन् कशानं? याच्यानं!”

त्यानं खिशातून एक रबरी बेडूक काढला. हिरवी पाठ, पांढरं पोट, आणि पाठीला चिकटून दोन गळ. गळ असे दडवलेले, की शेवाळात अडकत नाहीत. उथळ पाण्यात, कमळाच्या पानांवरून आणि शेवाळावरून तो टुणटुण ओढत आणायचा. खालून मरळ त्याच्यावर तुटून पडते.

“तिले भूक नव्हती, बाबा. भूक असती तर पहिल्यांदाच आली असती. पण हावरी जात! रबर अन् बेडूक कळत नाही तिले.”

“पहिल्यांदा नाही आली?”

“कुठची येते! किती वेळ टाकत होतो. पानांत टाकला, मोकळ्या पाण्यात टाकला. ढुंकून पाहत नव्हती.”

“मंग?”

“मंग डोकं चालवलं.” मोरेश्वर खुशीत आला. “त्या कडेला, शेवाळाजवळ, पिलं होती तिची. लालभडक, बारकी बारकी. पाणी उकळल्यासारखा घोळका वर येते त्यांचा. बेडूक बराबर त्यांच्यावरून ओढला. अशी फाडकन आली!”

फकीर पोत्यातल्या मरळीकडं पाहत होता.

“फाडकन...” मोरेश्वर पुन्हा म्हणाला. या खेपेला आवाज खाली गेला होता.

फकिरानं पोत्याचं तोंड बांधलं आणि ते खांद्यावर घेतलं.

“तुझा गळाचा रॉड घे,” तो म्हणाला आणि पाळ उतरून चालू लागला.

शेवाळाच्या कडेला एक बगळा उभा होता. मान वाकवायचा, काहीतरी उचलायचा, पुन्हा स्तब्ध. फकिरानं टाळी वाजवली. बगळा उडाला आणि थोडं पलीकडं जाऊन बसला. पाण्यावरचा लाल घोळका फुटून चहूकडं पांगला होता.

“सोड तिले,” फकीर म्हणाला. “तुझ्या हातानं.”

मोरेश्वर गुडघाभर पाण्यात उतरला. बूट काढायचं त्याला सुचलं नाही. त्यानं मरळीला दोन्ही हातांनी पाण्यात धरलं. तिचा वरचा ओठ गळानं फाटला होता. ती थोडा वेळ त्याच्या हातात तशीच राहिली, मग शेपटीचा एक फटका मारून पानांखाली गेली.

दोघं काठावर बसले. मोरेश्वराला बोलावंसं वाटत होतं, पण फकीर पाण्याकडं पाहत होता. बऱ्याच वेळानं शेवाळाजवळ पाणी लालसर झालं, थरथरलं. पिलं पुन्हा गोळा होत होती.

“आता बेडूक टाक,” फकीर म्हणाला. “गळ तोडून टाक.”

मोरेश्वरानं पिशवीतून पक्कड काढली, दोन्ही गळ तोडले आणि बेडूक रॉडच्या दोरीला बांधला.

“पण बाबा, आता ती कशाले येते? आत्ताच तोंड फाटलं तिचं. मासा झाला म्हणून काय, एवढं तर कळन ना तिले.”

“टाक.”

बेडूक पलीकडच्या पानांवर पडला. मोरेश्वर तो टुणटुण ओढू लागला. एक पान, दुसरं पान. बेडूक लाल घोळक्याच्या कडेला आला...

पाणी फुटलं. मरळ अर्धी बाहेर आली. फाटका ओठ मोरेश्वराला स्पष्ट दिसला. बेडूक उडून शेवाळावर पडला आणि ती पुन्हा त्याच्यावर गेली.

“ओढ,” फकीर म्हणाला.

“बस झालं, बाबा.”

“ओढ ना. हाव पाहू दे मले.”

मोरेश्वरानं रॉड खाली ठेवला. त्याला इतकी लाज वाटली, की फकिराकडं पाहवेना आणि पाण्याकडंही पाहवेना. तो आपल्या ओल्या बुटांकडं पाहत राहिला.

“पिलं मी आधीच पाहिली होती,” तो शेवटी म्हणाला. “पाहूनच टाकला बेडूक.”

त्यानं बुटाला चिकटलेलं शेवाळ काढलं.

“अन् ती भागरथाबाई... पहिल्या भांड्यातला एक घास तिनं खाल्ला नव्हता. वर ताटली झाकली अन् घरी लेकरांसाठी घेऊन गेली. तेही मी पाहिलं होतं, बाबा.”

“मंग हावरी काहून म्हटलं?”

पलीकडं बगळ्यानं पंख झटकले.

“लोक हसले...” मोरेश्वर म्हणाला. “मले बरं वाटलं.”

दोघं पाळ चढून वर आले. कढईत तळाशी खिचडी उरली होती. फकिरानं ती खरवडून आपल्या ॲल्युमिनियमच्या डब्यात भरली, वर झाकण दाबलं आणि डबा मोरेश्वरापुढं धरला. मोरेश्वरानं तो दोन्ही हातांनी घेतला. त्याचे डोळे भरून आले होते.

“जातो, बाबा. तिच्या दारात जाऊन पाय धरतो तिचे. साऱ्या मोहल्ल्यासमोर माफी मागतो.”

“डबा देजो अन् निंघजो,” फकीर म्हणाला. “माफी मागत बसू नको. तिले सवड नाही.”