पाऊण इंची की एक इंची

"पाऊण इंची घेऊ, का सरळ एक इंचीच घेऊ?"

जालिंदरनं हे दारात चप्पल काढता काढताच विचारलं.

सोप्यात बाबालाल शिकलगार लसूण सोलत बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी ट्रकची चाकं खोलली आणि बसवली. आता हात थरथरतो, म्हणून सुनेनं हे काम दिलेलं. तासगावात त्यांना नावानं कुणी ओळखत नव्हतं. सगळे वस्तादच म्हणत.

वस्तादांनी मान वर केली नाही.

"ईदला आला न्हाईस."

"कामं हुती, वस्ताद."

"चार वर्षं?"

जालिंदरनं काढलेली चप्पल पायानं भिंतीकडे सरकवली.

"बस. काय घ्यायचीय?"

"गन. हवेवरची. चाकाचे नट आवळायची."

"हाय की तुझ्याकडं."

"हाय. अर्धा इंची हाय. ती आता पुरत न्हाई."

वस्तादांच्या बोटांमधली पाकळी तशीच राहिली.

बातमी मंगळवारी सकाळी आली होती. रोजच्यासारखाच दिवस. जालिंदरनं शटर वर केलं, कॉम्प्रेसर चालू केला, आणि टाकीत हवा भरेपर्यंत तो दारात पाणी मारत होता. वर बोर्ड होता : 'जालिंदर टायर्स. पाच मिनिटांत चाक'. तेवढ्यात फोन वाजला. संपत खरमाटेच्या टेम्पोचं मागचं चाक घाटात निखळलं होतं. द्राक्षांनी भरलेला टेम्पो कठडा तोडून खाली गेला. संपत जागीच गेला. जालिंदर घाटात जाऊन आला; ज्यांच्यावर नट चढतात ते चाकाचे लोखंडी दांडे, स्टड, तुटलेले त्यानं बघितले.

ते चाक रविवारी जालिंदरनंच बसवलं होतं.

संपत शेजारी टायरवर बसून द्राक्षं खात होता. "घट्ट हाय न्हवं रं?" त्यानं विचारलं होतं. "हत्ती बांध त्याला," जालिंदर म्हणाला होता, आणि दोघं हसले होते.

त्यानंतर जालिंदरला घास गोड लागेना. डोळ्यांसमोर एकच गोष्ट येत होती : नट सैल राहिला. गन कमी पडली. चाक हललं, स्टड तुटले, चाक गेलं... आणि त्याच आठवड्यात त्याच गननं त्यानं आणखी अकरा गाड्यांची चाकं बसवली होती. त्या अकराही गाड्या या घडीला रस्त्यावर होत्या. हायवेवर एखादी रुग्णवाहिका ओरडत गेली तरी त्याचा हात खिशातल्या फोनकडे जायचा.

शेवटी त्यानं मनाशी ठरवलं. दुपारच्या आत जबरदस्त गन आणायची, अकराही जणांना बोलवायचं, आणि सगळ्यांचे नट पुन्हा आवळून टाकायचे. अकरांपैकी एक डेअरीची पिकअप त्यानं सकाळीच मागवून घेतली होती. तीच चालवत तो गन घ्यायला हत्यारांच्या दुकानाकडे निघाला होता. चौकात डावीकडे वळायचं, तो उजवीकडे वळला आणि ज्यांच्याकडे काम शिकला त्या वस्तादांच्या दारात येऊन थांबला.

त्यानं खिशातून माहितीपत्रक काढलं. वस्तादांनी ते हात लांब करून धरलं.

"ही कुठली?"

"एक इंची. सगळ्यात मोठी. कसलाबी नट आसू दे, हिच्यापुढं चालत न्हाई."

"किती माणसांचा जोर?"

"वीस-पंचवीस तरी आसंल."

"आन पिकअपच्या नटाला किती माणसांचा लागतो?"

जालिंदरनं पत्रक परत घ्यायला हात पुढे केला.

वस्तादांनी पत्रकावर लसणाची सालं ठेवली.

"वस्ताद, चेष्टा नका करू. माणूस गेलाय. माझ्या हातनं सैल राहिलं. आजून अकरा फिरत्यात. तुमी फक्त सांगा, पाऊण का एक. मी निघतो."

"तुझ्या हातनं सैल राहिलं, हे कुणी बघितलं?"

"चाक निघालं की! सैल राहिल्याबिगर चाक निघतंय व्हय?"

वस्ताद भिंतीला धरून उठले. बाहेर आले. पिकअपभोवती एक फेरी मारली.

"कुठलं चाक बसवलंस?"

"उजवं. मागचं."

"खोल. हातानं."

गाडीतलाच जॅक निघाला, व्हील पाना निघाला. जालिंदरनं पाना नटावर बसवला आणि जोर लावला. नट हलेना. दोन्ही हातांनी लावला. हलेना. मग तो पान्यावर उभा राहिला, गाडीच्या फाळक्याला धरून उड्या मारल्या, तेव्हा कुठे नट किंचाळल्यासारखा आवाज करून सुटला.

जालिंदरच्या चेहऱ्यावर तीन दिवसांत पहिल्यांदा रंग आला.

"बघितलंसा? बघितलंसा किती घट्ट हाय? सैल न्हाई, वस्ताद! ही तरी गाडी सैल न्हाई!"

"सगळे काढ."

पाचही नट असेच ओरडत सुटले. तो घामानं निथळला, पण मन हलकं होत चाललं होतं. एक तरी गाडी यादीतून कमी झाली. त्यानं गाडी जॅकवर उचलली आणि चाक ओढून बाजूला ठेवलं. आता ड्रममधून बाहेर आलेले पाच स्टड उघडे दिसत होते.

वस्तादांनी एक नट उचलला. लुंगीच्या टोकानं पुसला. जालिंदरच्या तळहातावर ठेवला.

"चढव. मुळापतोर."

जालिंदरनं पान्याकडे हात नेला.

"दोन बोटांनी."

नट स्टडवर लागला. फिरला. चार आटे गेला, पाच आटे गेला...

थांबला.

"घाण हाय वाटतं," जालिंदर म्हणाला. त्यानं तारेच्या ब्रशनं स्टड घासला. रॉकेलचा बोळा फिरवला. पुन्हा लावला.

पुन्हा तिथंच थांबला.

"दुसरा बघ."

दुसराही तिथंच थांबला. तिसऱ्याला त्याची बोटं ओली झाली होती, नट निसटून धुळीत पडला. त्यानं तो उचलला, पुसला, लावला. अर्ध्यावर थांबला. चौथा. पाचवा...

वस्ताद पलीकडच्या बाजूला गेले. डाव्या चाकाकडे बोट केलं. त्या चाकाला जालिंदरनं कधी हात लावला नव्हता. ते चाक उतरवायला त्याला पान्यावर उभं राहावं लागलं नाही. त्यानं नट स्टडवर ठेवला, बोटानं नुसती टिचकी मारली. नट भोवऱ्यासारखा गरगरत थेट मुळाशी जाऊन थांबला.

जालिंदर उकिडवा बसला होता, तो मातीतच खाली बसला.

तो पुन्हा उजवीकडे आला. या वेळी त्यानं नट घेतला नाही. नखानं स्टडवरचे आटे चाचपले. जिथं नट अडत होता, तिथं आटे एकमेकांपासून लांब गेले होते. मधेच लोखंडाची मान बारीक झाली होती, इतकी बारीक की नजरेला दिसत नव्हती, नखालाच कळत होती.

"हे... ओढलं गेलंय," तो म्हणाला.

त्यानं नख पुन्हा त्या मानेवरून फिरवलं.

"नट आवळून आवळून दांडा ताणला गेलाय. आजून थोडं ताणलं आसतं तर..."

 घाटातले तुटलेले स्टड त्यानं स्वतः पाहिले होते. मधूनच तुटलेले. बारीक मानेचे.

"म्हणजे संपतचं चाक सैल नव्हतं."

"न्हवतं," वस्ताद म्हणाले.

 शेजारच्या घरातून कुकरची शिट्टी झाली.

"आन मी एक इंची आणून सगळ्यांचं परत आवळणार हुतो," जालिंदर पुटपुटला. आणि एकदम ताडकन उठला. "धा गाड्या, वस्ताद! धा गाड्या आजून..."

त्यानं फोन काढला.  "उभी कर. जिथं हाईस तिथं उभी कर. का ते मग सांगतो. उतर खाली आदी." पहिला. दुसरा. "माल राहू दे रं! मी नवं स्टड घिऊन येतो, तंवर चाक फिरवायचं न्हाई." तिसऱ्यानं शिव्या घातल्या, त्यानं त्या ऐकून घेतल्या. चौथा, पाचवा... नववा.

दहावा लागेना. शाळेची मुलं नेणारी गाडी होती ती.

पुन्हा लावला. घंटी वाजत राहिली.

पुन्हा.

वस्ताद गाडीला टेकून उभे होते. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता.

जालिंदरनं सहाव्यांदा नंबर दाबला. घंटी वाजली, वाजली... आणि पलीकडून बँडचा आवाज आला.

"बोल की जालिंदरभाऊ! भाच्याच्या हळदीत हाय. हितं कायबी ऐकू येत न्हाई. गाडी? गाडी कार्यालयाच्या मागं लावलीय, आज शाळंला सुट्टी न्हवं का!"

जालिंदरनं फोन खाली केला. ड्रमला पाठ लावून बसला. खांदे हलत होते. मग तो थांबला, बाहीनं तोंड पुसलं, आणि वर पाहिलं तेव्हा त्याचे डोळे लाल आणि कडक होते.

"तीन वर्षं तुमच्या हाताखाली काढली, वस्ताद."

"व्हय."

"नट आवळताना पान्याला जरा पाईप लावला, जोर वाढवायला, की तुमी हातातनं हिसकून घ्यायचा. येकदा तर उकिरड्यावर फेकून दिलासा. मला वाटलं, म्हाताऱ्याला पान्याची काळजी. पाना वाकंल म्हणून. मी मनातल्या मनात हसायचो तुमाला."

जालिंदरनं ताणलेल्या स्टडांकडे बोट केलं.

"जादा आवळलं की लोखंड आतनं मरतंय, हे येकदा तरी तोंडानं सांगितलंत? येकदा तरी?"

वस्तादांनी खाली वाकून धुळीतला एक नट उचलला. पुसला. मुठीत धरला. 

"पाईप तुझ्या हातातनं काढून घेतला, जाल्या," ते म्हणाले. "का काढून घेतला, ते सांगायचं राहिलं."