कोहारू आणि ऊन पाण्याचं नळकांडं

समुद्रापल्याड, सूर्य सगळ्या जगाआधी डोळे चोळत उठतो ना, त्या जपान देशात डोंगराच्या कुशीत एक होती कोहारू नि एक होती तिची आई, फुमी. घर एवढंसं, पण वाटसरूंना मुक्कामाला सदा उघडं. घरची रीत एकच: ऊन पाणी आधी पाहुण्याला, मग आपल्याला.

त्या वर्षी मात्र थंडीनं आईचे पाय असे आखडले की चुलीपाशी जायचं तरी भिंत धरावी लागे. वाटसरूंचं करणार कोण? ते यायचे थांबले. तांदूळ डब्याच्या तळाला गेले.

"आई, बरे होतील ना गं पाय?"

"होतील हो! ठुमकत नाचेन बघ," आई हसायची, नि पाठ वळवून डोळे पुसायची.

एका सकाळी कोहारू काटक्या वेचायला बांबूच्या बनात गेली. हिरवेगार बांबू आभाळाला टेकलेले, खाली मऊ मऊ शेवाळाची दुलई. त्यावर पाय न देता कोहारूनं वळसा घातला.

"सगळे तुडवून जातात. तूच कशी गं वळलीस?" दगडावर बोटभर परी बसलेली. मेपलच्या लाल पानाचा परकर, दवाच्या टिकल्या लुकलुकताहेत.

"निजलंय ना ते," कोहारू कुजबुजली.

परी खुदकन हसली. "माग काय हवं ते."

"आईचे पाय."

परीनं बांबूचं नळकांडं पुढं केलं. "वर वाफांची दरी आहे. तिथलं पाणी आईच्या पायांवर ओत. पण अट ऐक, वाटेत पानफूल तोडायचं नाही. आणि पाणी एकदाच मिळेल. संपलं की संपलं!"

निघाली कोहारू, एका पानालाही हात न लावता. लाल-केशरी पानांचं रान, जणू डोंगरानं शालू नेसलाय. मग निळंशार तळं, तळ्यात बर्फाची टोपी घातलेलं शिखर उलटं उभं! त्यापुढं दरी, जमिनीतून भसाभसा वाफ. तिनं नळकांडं भरलं नि छातीशी धरून माघारी वळली.

तळ्याकाठी एक पांढराशुभ्र क्रौंच फडफडत होता. डोक्यावर लाल टिळा, पाय बर्फात घट्ट रुतलेले. कोहारू थांबली. इकडं आई, तिकडं हा.

"आमच्याच वाटेवरचा पाहुणा तू," ती म्हणाली आणि सगळं पाणी त्याच्या पायांवर ओतलं. क्रौंच भुर्रकन उडाला.

घरी येऊन ती हमसाहमशी रडली. आईनं ऐकलं, तिला कुशीत घेतलं. "वेडे, त्याला टाकून आली असतीस, तर मला ते पाणी सोसलं असतं का?"

इतक्यात क्रौंच अंगणात उतरला. दगडावर चोचीनं टकटक करताच बुडबुड, बुडबुड, वाफाळता झराच फुटला! वाफेतून परी डोकावली. "जे घर पाहुण्याला आधी देतं, त्याच्या दारी हे पाणी आपण होऊन येतं गं."

आई भिंत धरत धरत पुढं सरकली.

"आई, थांब! आधी पाहुणा!"

क्रौंचानं एक पाय बुडवला. मग दुसरा. मग मिटले की डोळे!

"आटप रे राजा," आई म्हणाली, तशी परीसुद्धा पोट धरून हसली.

मग आईनं पाय सोडले पाण्यात. "अगंऽ बाई!" असा सुस्कारा सोडला की कोहारूच्याही छातीवरचा दगड उतरला. आई उठली, नि भिंतीला हातही न लावता अंगणभर ठुमकली. परी सोनेरी उजेड होऊन वाफेत विरून गेली.

पुढं वाटसरू वाफेचा माग काढत येऊ लागले. तांदळाचा डबा काठोकाठ भरला, आणि फुमीच्या पायांना पुन्हा कधी भिंत लागली नाही.