उन्हाकडे पाठ

आगराच्या, म्हणजे आमच्या या बागेच्या, पश्चिम कडेला हे बसके दगड ओळीने मांडलेत ना, पाहुण्यांना वाटतं ही सूर्यास्त बघायची सोय. आमची माणसं मात्र इथे समुद्राकडे पाठ करून बसतात. तुम्हीही तसेच बसा, मग सांगतो.

असं सांगतात की फार पूर्वी इथे आवडू नावाची बाई राहायची. तिचा नवरा गलबतावर गेला, तो जाताना पोफळीची, सुपारीची रोपं लावून गेला. "ह्यांना फळ धरंल तवर मी आलोच," असं म्हणाला होता. पुढे त्याची काही खबर आली नाही. त्या रोपांवाचून तिला आपलं असं कुणी उरलं नाही.

पोफळ फार नाजूक. तिला पाणी सतत हवं, पण मुळाशी साचलेलं चालत नाही. पश्चिमेचं ऊन लागलं की कोवळं खोड करपतं, म्हणून शेजारी केळी लावतात. रोपं लहान असतानाच एका साली वादळात केळी आडव्या झाल्या. माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप आडोशाला उभे करावेत, तर वाडीत सगळ्यांचीच छपरं उडालेली. झाप घरांवर गेले, आवडूच्या वाट्याला एकही आला नाही.

ती दारोदार फिरली. "दुपारचं येऊन एकेका रोपापाशी बसा. माजी एकटीची सावली किती पुरंल?"

लोक हसले. "झाडाला सावली धराया माणूस बसतो काय गो?"

मग ती एकटीच दगड टाकून बसली. म्हणे, आधी ती या रोपाकडून त्या रोपाकडे सरकत राहायची, पण त्याने सगळीच करपू लागली. शेवटी तिने एक निवडलं आणि तिथून हलली नाही. बाकीची तिच्या डोळ्यांदेखत गेली. ते तिने कसं बघितलं असेल, या विचाराने मला अजून वाईट वाटतं.

ते एक झाड वाढलं. नवरा आला नाही, तरी ती बसायला यायची. पहिलं फळ पिकलं त्या दुपारी लोकांना खोडावर तिची सावली दिसली, दगडावर ती नव्हती. तेव्हा कुठे वाडीला लाज वाटली.

आजही कुणी रोपं लावली की घरटी एक माणूस इथे येतो आणि ऊन उतरेपर्यंत न बोलता बसतो. निदान रीत तशी आहे. आता बहुतेक घरांना कुलपं आहेत. बसायला मी एकटाच, म्हणून यंदा एकच रोप लावलं.