रामजन्माची चिवळ

उखर्ड्याच्या माळावर गोपाळगीर महाराजांचा मठ होता, तेव्हाची ही गोष्ट. आता तिथं फरशी आली आहे. तेव्हा नुसता तापलेला मुरूम होता. रामनवमीला भर दुपारी पाळणा मांडायचा, तोही सतरंजीवर नव्हे, अंगणातच वाढलेल्या हिरवळीवर, असा तिथला रिवाज. ती हिरवळ राखायची सेवा धोंडाई माळिणीच्या घरची. नवरा गेल्यावर तिचा जीव त्या सेवेतच उरला होता.

त्या वर्षी मठाच्या विहिरीनं तळ गाठला आणि हरळी जळून गेली. धोंडाईला माहेर आठवलं. तिची आई धाब्याच्या घराच्या मातीच्या छतावर चिवळ पसरायची. इवल्या जाड पानांची ती भाजी उन्हातच खुशीत वाढायची. किती वर्षं झाली त्याला! माहेराहून मूठभर काड्या आणून तिनं अंगणात टोचल्या.

"देवाच्या पाळण्याखाली भाजी?" गावचे यशवंतराव इनामदार खो खो हसले. "धोंडे, पाणी तरी घाल! हात कशाला आखडतेस?"

"नगं जी, तिला लई पानी सोसत न्हाई."

पण ऐकतील ते इनामदार कसले! आपल्या मळ्यातल्या भरल्या विहिरीतून त्यांनी रोज वीस घागरी ओतवल्या. नवमी चार दिवसांवर आली आणि चिवळ सडून काळी पडली. "आता ही सेवा आमच्या माळ्याकडे," त्यांनी जाहीर केलं.

धोंडाईनं महाराजांपुढे पदर डोळ्यांना लावला. "धन्यांच्या मागं येवढंच व्हतं माझ्यापाशी."

महाराज म्हणाले, "माई, हिरवी उरलेली पेरं मोड आणि कोरड्या मुरमावर टाक. पाण्याचा थेंब नको. पुढचं रामाकडे."

शोधून शोधून सात पेरं निघाली.

नवमीच्या सकाळी ती आली आणि दारातच थबकली. चिवळ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरली होती! माध्यान्ही पाळणा हलला तेव्हा सगळं अंगण बारीक पिवळ्या फुलांनी भरून गेलं. काय ते भाग्य त्या डोळ्यांचं!

माळावरून अनवाणी आलेल्या इनामदारांचे पोळलेले पाय त्या गार पानांवर पडले. ते महाराजांपुढे वाकले. "महाराज, पाणी मी दयेनं घातलं नव्हतं. माझ्या विहिरीचा तोरा मिरवला."

"मग आमच्यापुढे कशाला वाकता?" महाराज म्हणाले.

इनामदार धोंडाईकडे वळून गुडघे टेकू लागले. ती लगबगीनं म्हणाली, "जपून जी, खाली चिवळ हाय."

ते मागे सरले, दाराबाहेरच्या तापल्या मुरमावर बसले आणि तिथूनच त्यांनी तिच्यापुढे माथा टेकला.