पत्र्याच्या डब्यातला नायक

‘शनीपलीकडे’ या मालिकेच्या चाहत्यांचा मेळावा नाशिकला भरला होता. जो तो लोहा या यंत्रमानवाचंच कौतुक करत होता. नायक रणधीर राजाध्यक्षांचा पारा चढला.

“त्या पत्र्याच्या डब्यात कसला आलाय अभिनय? कुणालाही आत कोंबा, फरक कळणार नाही!”

निर्मात्यांनी मान डोलावली. लोहाचं काम करणारे केळुसकर पांढरेफटक पडले.

“आम्हाला कळेल,” पुढच्या रांगेतली वैजयंती म्हणाली.

“मग ओळखा! आपल्याकडे दोन कवचं आहेत. एकात मी शिरतो, दुसऱ्यात केळुसकर. चुकलात, तर उद्यापासून केळुसकर घरी!”

पडदा उघडला. दोन हुबेहूब लोहा पुतळ्यासारखे उभे होते.

वैजयंतीने दोघांना निरखलं. मग तिने फोटो काढायला मोबाइल उचलला. डावीकडच्या लोहाने लगेच छाती फुगवली आणि हनुवटी वर केली.

“हे राजाध्यक्ष.”

शिरस्त्राण उतरलं. आत घामाघूम राजाध्यक्षच होते.

“कसं ओळखलंत?” ते गुरगुरले.

“साहेब, लोहाला कॅमेरा दिसतच नाही. आणि तुम्हाला दुसरं काही दिसत नाही.”