मैनाआक्काचं बसणं

“…आणि टोचलेल्या पोराचा म्हणे दंड फुगतो, अंग तव्यासारखं तापतं, आणि मग ते पोर…”

पाणवठ्यावर बोलणं एवढ्यावर आलं आणि बायका गप्प झाल्या, कारण सुंदरा येत होती. तिच्या तान्ह्या गणबाला गेल्या बाजारादिवशीच देवीची लस टोचली होती. उरलेलं वाक्य तिनं मनातल्या मनात पुरं केलं आणि रिकाम्या घागरीनंच घराकडं पळाली.

ही हकिकत बोरखळची, देवीच्या रोगानं गावंच्या गावं ओस पडायची त्या काळातली.

घरी गणबा फणफणला होता. सासू भागाबाईनं दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला होता. डहाळा दिसला की घरात देवी आली समजायचं. परक्यानं आत जायचं नाही, पोराला पाणी लावायचं नाही. लसीचा ताप आणि देवीचा ताप तिला एकच. दंडाला लावायला तिनं चुलीतली राख तेलात कालवून ठेवली होती.

शेजारी मैनाआक्का राहायची. कुणाकडं काय शिजतंय हे तिला फोडणीआधी कळायचं. टोचणारा आला तेव्हा टोचल्याबरोबर सगळ्याजणी पोरं उचलून पळाल्या. आक्का तेवढी त्याच्यापुढं बसून राहिली. तुझं गाव कोणतं, बायको कुठली, आणि टोचल्यावर पुढं काय होतं? असं म्हणतात, उत्तरं देऊन देऊन तो इतका दमला की तिच्याकडंच जेवला.

डहाळा बघून आक्का उंबऱ्याशी आली.

“पाऊल टाकलंस तर देवी तुझ्या घरावर कोपेल,” भागाबाई म्हणाली.

“माझ्या घरी एक मांजर आहे. तिला सांगून आलेय,” म्हणत आक्का आत शिरली.

तिनं राखेची वाटी दूर सारली, गणबावरची गोधडी काढली, ओल्या फडक्यानं अंग पुसलं. दंडाला मात्र कुणाला हात लावू दिला नाही.

“ताप येतो, दंड सुजतो, खपली धरते. ती आपली आपण पडू द्यायची,” ती सुंदराला म्हणाली. “आता पाज त्याला. ओढलं नाही, मान टाकली, तर टोचणाऱ्याला गाठायचं. शेजारच्या गावीच मुक्काम आहे त्याचा. मी येते बरोबर.”

गणबा ओढेना. आक्कानं गाडी जुंपायला सांगितलं. असं म्हणतात, तेव्हा वारा पडला, कोंबड्या दाणे टिपायच्या थांबल्या, आणि आक्कानं पोराच्या कपाळावर ठेवलेल्या तळव्यातून वाफ निघाली. बैल जुंपले गेले. सुंदरा चढणार, तेवढ्यात गणबानं आईकडं तोंड फिरवलं आणि असा लुचला, की तो आवाज म्हणे देवळापर्यंत गेला.

ताप उतरला. व्रण तेवढा जन्मभर राहिला.

बोरखळच्या अंगणवाडीत आजही लस दिल्यावर कुणी लगेच उठत नाही. अर्धा तास तिथंच थांबतात. त्याला म्हणतात आक्काचं बसणं. संध्याकाळी शेजारीण न बोलावता येते, पोर प्यायलं का विचारते, सिस्टरनं सांगितलं तेवढंच तापाचं औषध दिलंय ना ते बघते, सुजेवर काही चोळू देत नाही. नव्या आईच्या कानावर काहीबाही आलेलं असतंच. शेजारीण तिला खोटा धीर देत नाही.

“सूज येते हे खरं गं, अंग तापतं हेही खरं,” ती म्हणते. “पुढचं त्या पाणवठ्यावरच्या बायकांनाही ठाऊक नव्हतं.”