चुलीची काजळी

फार मागची गोष्ट, बाळांनो. त्या दिवशी वारा पडला होता आणि समुद्रावर ताकासारखं पांढरं धुकं साचलं होतं.

तिथे एक बंदर होतं आणि बंदराच्या तोंडाशी खडकावर जुना दीपस्तंभ. रात्री त्याच्या माथ्यावर दिवा जळायचा. दिवसा तो स्वतःच खूण असायचा, कारण तो काळा कुळकुळीत होता. दरवर्षी होड्या पाण्यात लोटण्याआधी घरोघरच्या बाया आपापल्या चुलीची काजळी आणायच्या, माशाच्या तेलात कालवून त्याला फासायच्या. धुक्यातही तो पुसटसा दिसायचाच. त्याला डाव्या हाताला ठेवलं, की होडी खडक टाळून सरळ घरी.

त्या साली निरोप आला, राजा दीपस्तंभ बघायला येणार. गावचा पाटील हरखला. त्याने सगळा स्तंभ घासून धुतला आणि चुन्याने पांढराशुभ्र केला.

शेजारची म्हातारी जाळं विणता विणता म्हणाली, "पाटला, होड्या अजून बाहेर आहेत रे. तुझा लेकही."

"मग राजाला काय काजळी दाखवू, आजी? वास तरी बघ तिचा!"

"तुझी आईही काळीच होती. तिला कधी चुना लावलास का रे?"

माणसं हसली. पाटीलही हसला.

त्या धुक्याच्या दिवशीच राजा आला, पायऱ्या चढून वर गेला. "वा! अगदी हंसासारखा," म्हणाला आणि पाटलाच्या खांद्यावर शाल घातली.

तेवढ्यात धुक्यातून हाक आली. "बाबा! स्तंभ कुठे गेला?"

"अरे, इथेच! उजवीकडे घे!" पाटील ओरडला. पण धुक्यात आवाज कुठून येतो ते कळत नाही. दिवा पेटवला, तोही दिसेना. पाटील अंगावरची शाल काढून हलवू लागला. शालही पांढरीच होती.

मग लाकूड फुटल्याचा आवाज झाला.

होडीतल्या तिघांना लोकांनी पाण्यातून ओढून काढलं. पाटलाचा लेक सापडला नाही. राजा हळहळला आणि निघून गेला.

दुपारी धुकं विरलं. कुणी न सांगता बाया काजळी खरवडून घेऊन आल्या. पाटील खालच्या पायरीवर बसून होता. म्हातारी त्याच्याजवळ टेकली. रागावली नाही. एवढंच म्हणाली,

"पाटला, बघायला येणाऱ्यांसाठी रंगवलेली खूण घरी येणाऱ्यांना दिसत नाही."